स्तनाच्या ऑपरेशनची भूल आणि रात्रीची झोप : डॉक्टरांना आधी काय विचारायचं?

मुरबे (पालघर) : ऑपरेशनच्या टेबलावर दोन-तीन तास बाई गाढ झोपलेली असते, मग त्याच रात्री डोळ्याला डोळा का लागत नाही? मुरबे-सातपाटी पट्ट्यातून बोईसर किंवा पालघरची लोकल पकडून मुंबईला स्तनाच्या ऑपरेशनसाठी जाणाऱ्या बायकांना हा अनुभव हमखास येतो. घरचे म्हणतात, टेन्शन घेतलंस. टेन्शन असतंच, पण कारण तेवढंच नसतं.

पहिली गोष्ट, भूल म्हणजे झोप नव्हे. भुलीत मेंदू औषधाने शांत केलेला असतो, त्याने रोजच्या झोपेची भरपाई होत नाही. उलट ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही कमी होतात. पुढच्या काही रात्रींत ती घडी हळूहळू बसते.

स्तनाच्या मोठ्या ऑपरेशनला बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात. ती टिकवायची एक पद्धत वासाच्या गॅसची, दुसरी शिरेतून सतत प्रोपोफॉल सोडायची. प्रोपोफॉलने नंतरची मळमळ आणि उलटी कमी होते. झोप कशाने चांगली लागते, यावर मात्र अजून एकमत नाही.

झोपेवर मोठा फरक पडतो तो दुखण्याचा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर कूस बदलतानाही कळ येते. वेदनेसाठी मॉर्फिनसारखी औषधं जास्त लागली की गुंगी येते, मळमळ होते, पण झोप तुटक राहते. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी पूर्ण भुलीसोबत ‘ब्लॉक’ देतात. पाठीच्या कण्याजवळ किंवा छातीच्या स्नायूंच्या थरात, सोनोग्राफीत बघून बधिरतेचं इंजेक्शन दिलं जातं. त्यामुळे पहिले काही तास दुखणं कमी राहतं आणि मॉर्फिन कमी लागतं.

पण ब्लॉक साधारण 8 ते 12 तासांत उतरतो, कधी थोडा उशिरा. दुपारी ऑपरेशन झालं तर तो मध्यरात्री उतरणार! दुखत नाही म्हणून संध्याकाळची गोळी चुकवली तर रात्री दोनला कळ उठते. ठरलेली गोळी वेळेवरच घ्यायची.

आपल्याकडची एक अडचण मिश्रीची. उपाशी राहायला सांगितलं तरी सकाळी मिश्री लावली जाते, कारण ती ‘खाणं’ धरलीच जात नाही. मिश्री म्हणजे तंबाखूच. त्यातलं निकोटिन झोप मोडतं, जखम भरायलाही वेळ लावतं. भूलतज्ज्ञांपासून हे लपवू नये, लाजायचं कारण नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या, आधीच्या भुलीनंतर झालेल्या उलट्या, जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, हेही सांगावं. घोरणाऱ्या बाईला मॉर्फिन जपून द्यावं लागतं. त्याच कारणाने घरातली जुनी झोपेची गोळी मनाने देणं धोक्याचं आहे.

बधिरतेच्या औषधाचा आणखी एक उपयोग मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या पुढाकाराने देशातल्या 11 केंद्रांत तपासला गेला. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालच्या या अभ्यासात सुमारे 1,600 स्त्रिया होत्या. चाकू लावण्याआधी 7 ते 10 मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्के झालं. हा निकाल 2023 मध्ये छापून आला. हे इंजेक्शन झोपेसाठी नाही, कॅन्सरसाठी आहे. ब्लॉक वेगळा. दोन्हींची गल्लत करू नये. ब्लॉक आणि प्रोपोफॉलने कॅन्सर परत येणं कमी होतं का, हे 2,100 हून जास्त स्त्रियांवर तपासलं गेलं. 2019 च्या त्या निकालात फरक दिसला नाही.

भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा तीन प्रश्न विचारता येतात : मला ब्लॉक देणार का, तो किती वाजता उतरेल, आणि रात्री दुखलं तर कोणती गोळी? उत्तर कागदावर लिहून घ्यावं, कारण रात्री सोबत थांबणारी मुलगी किंवा जाऊ त्या वेळी तिथे नसते.