पन्नास हजार डॉलरची जत्रा

१९५३ हे गोल्फपटू बेन होगनचं वर्ष. मास्टर्स, अमेरिकन ओपन आणि स्कॉटलंडमध्ये कार्नूस्टीला झालेली ब्रिटिश ओपन अशा तिन्ही स्पर्धा त्यानं एका दमात जिंकल्या. बक्षिसं होती अनुक्रमे ४,००० डॉलर, ५,००० डॉलर आणि ५०० पौंड. पौंडाचा तेव्हाचा भाव लावला, तर तिन्ही मिळून जेमतेम १०,४०० डॉलर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोजवळच्या नाइल्समध्ये लू वॉर्शम नावाच्या खेळाडूनं एकाच स्पर्धेत २५,००० डॉलर मिळवले. त्या स्पर्धेचं नाव ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ गोल्फ’. होगननं जिंकलेल्या तिन्ही स्पर्धा आजही दरवर्षी होतात. वॉर्शमची स्पर्धा १९५७ नंतर पुन्हा झाली नाही, आणि आज गोल्फच्या चाहत्यांनाही तिचं नाव चटकन आठवत नाही.

ही स्पर्धा उभी केली जॉर्ज एस. मे यांनी. तरुणपणी ते बायबल विकत. १९२५ मध्ये त्यांनी स्वतःची सल्लागार कंपनी काढली. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत वेळ कुठे वाया जातो, पैसा कुठे गळतो, हे मालकांना दाखवून द्यायचं, हा तिचा धंदा. त्यात भरपूर पैसा आला आणि नाइल्समधला टॅम ओ’शँटर हा गोल्फ क्लब त्यांच्या हाती आला. १९४१ मध्ये तिथे ‘ऑल अमेरिकन ओपन’ सुरू झाली. १९४५ मध्ये बायरन नेल्सननं लागोपाठ अकरा स्पर्धा जिंकण्याचा जो विक्रम केला, आजवर कुणी मोडू न शकलेला, त्यातली एक स्पर्धा हीच. १९४६ मध्ये मे यांनी तिच्या जोडीला ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप’ आणली. पहिल्या वर्षी मोजक्या खेळाडूंना बोलावलं आणि १०,००० डॉलर ठेवले, तेही सगळेच्या सगळे विजेत्याला. सॅम स्नीड ते घेऊन गेला.

गोल्फ तोवर क्लबाच्या सभासदांचा, हळू आवाजात बघायचा खेळ होता. मे यांनी त्याची जत्रा केली. तिकीट एक डॉलर, बसायला स्टँड, हिरवळीवर घरून आणलेले डबे उघडून बसलेली कुटुंबं, आणि या सगळ्यांतून भडक हवाई शर्ट घालून फिरणारे खुद्द मे. कोण कुठला खेळाडू हे साध्या माणसाला कळावं म्हणून त्यांनी खेळाडूंच्या पाठीवर नंबर लावायचं ठरवलं. खेळाडू खवळले. आम्ही काय शर्यतीचे घोडे आहोत, असा त्यांचा सूर होता. शेवटी ओळख पटवायचं काम कॅडींच्या, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणाऱ्यांच्या, पाठीवर गेलं. आज मोठ्या स्पर्धांत कॅडीच्या अंगरख्यावर खेळाडूचं नाव असतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

वॉर्शमचा तो दिवस तपशिलात सांगायलाच हवा. ९ ऑगस्ट १९५३, शेवटचा दिवस. एबीसी वाहिनीवरून ही स्पर्धा देशभर दाखवली जात होती. गोल्फची स्पर्धा साऱ्या अमेरिकेत टीव्हीवर दिसण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्यासाठी पैसे वाहिनीनं नव्हे, मे यांनी मोजले होते. अठराव्या होलच्या ग्रीनवर रोखलेला एकच कॅमेरा होता. चँडलर हार्परनं शेवटच्या होलवर बर्डी साधून, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी घेऊन, २७९ वर खेळ संपवला. त्याचं अभिनंदनही सुरू झालं होतं. मागून आलेल्या वॉर्शमला नुसती बरोबरी साधायलासुद्धा बर्डी हवी होती. त्याचा चेंडू होलपासून शंभर यार्डांहून थोडा लांब पडला होता. त्यानं वेज ही काठी उचलली आणि फटका मारला. चेंडू ग्रीनवर टप्पा घेऊन पुढे घरंगळत गेला आणि थेट होलमध्ये पडला. चार फटक्यांचा होल दोनात, एकूण २७८, एका फटक्यानं जिंकला. समालोचन करणारा जिमी डेमारे स्वतः मोठा खेळाडू. त्याच्या तोंडून थेट प्रक्षेपणातच शिवी निसटली. लाखो लोकांनी पहिल्यांदा टीव्हीवर गोल्फ पाहिलं ते असं. या खेळाचा याहून चांगला प्रचार पैसे देऊनही करता आला नसता.

पुढच्या वर्षी मे यांनी पहिलं बक्षीस ५०,००० डॉलर केलं. शिवाय विजेत्याला ठिकठिकाणी प्रदर्शनीय सामने खेळण्याचा करार, दर सामन्याला १,००० डॉलर. ते मिळालं बॉब टॉस्कीला, अंगानं अगदी किरकोळ असलेल्या खेळाडूला. त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकणाऱ्या एड फर्गोलला ६,००० डॉलर मिळाले होते. हा फरक किती जबर होता ते वार्षिक कमाईच्या यादीत दिसतं. १९५२ ते १९५७ या सहा वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक कमावणारे खेळाडू अनुक्रमे ज्युलियस बोरोस, वॉर्शम, टॉस्की, पुन्हा बोरोस, टेड क्रोल आणि डिक मेयर. त्या त्या वर्षी ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप’चे विजेतेही हेच, त्याच क्रमानं. १९५६ मध्ये क्रोलची कमाई ७२,८३५ डॉलर होती. स्पर्धा बंद पडल्यावर १९५८ मध्ये अव्वल आलेल्या आर्नोल्ड पामरची ४२,६०७.

पण मे यांचं खरं मोठेपण पैशांत शोधू नये. व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेच्या, म्हणजे पीजीएच्या, घटनेत सदस्यत्व फक्त गोऱ्यांना देणारं कलम होतं आणि बहुतेक स्पर्धांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद होते. टॅम ओ’शँटरनं १९४२ मध्येच ते उघडले. पात्रता फेरीत जो टिकेल तो खेळेल, रंग कोणताही असो. टेड रोड्स, चार्ली सिफर्ड यांच्यासारख्यांना देशातल्या उत्तम खेळाडूंशी भिडण्याच्या ज्या मोजक्या जागा होत्या, त्यांतली ही एक. १९४७ मध्ये अॅन ग्रेगरी या कृष्णवर्णीय महिलेला मे यांनी स्वतः निमंत्रण दिलं. महिलांसाठी तर त्याच आठवड्यात, त्याच मैदानावर वेगळी स्पर्धा असे. त्यात बेब झहारियास आणि पॅटी बर्ग खेळत आणि त्यांच्यामागेही गर्दी लोटे. मे यांचा हेतू गर्दी जमवण्याचा असेल, धंद्याचा असेल. पण ज्यांना एरवी फाटकाशीच अडवलं जाई ते आत येऊन खेळले, हे त्या हेतूनं जराही कमी होत नाही.

शेवट भांडणानं झाला. प्रवेश शुल्कावरून पीजीएशी वाद विकोपाला गेला आणि १९५८ मध्ये मे यांनी सगळ्याच स्पर्धा रद्द केल्या. एका माणसाच्या खिशावर उभी असलेली गोष्ट त्यानं हात काढताच बसली. मास्टर्सच्या मागे क्लब होता, अमेरिकन ओपनच्या मागे राष्ट्रीय संघटना. इथे मे यांच्यानंतर कुणीच नव्हतं. १९६४ आणि १९६५ मध्ये वेस्टर्न ओपन या मैदानावर झाली, मग जमीन विकली गेली आणि तिच्यावर औद्योगिक वसाहत आली. आज नऊ होलचं सार्वजनिक मैदान तेवढं उरलं आहे.

पीजीएनं ते वर्णद्वेषी कलम काढलं नोव्हेंबर १९६१ मध्ये. मे त्यानंतर काही महिन्यांतच, १९६२ मध्ये, वारले. सिफर्डनं १९६७ मध्ये ग्रेटर हार्टफर्ड ओपन जिंकली. रोड्स १९६९ मध्ये गेला. पीजीएनं त्याला सदस्यत्व दिलं ते २००९ मध्ये, मरणोत्तर.