लाल औषध, हरवलेला उजेड

डॉक्सोरुबिसिनचं द्रावण उजेडात धरलं की आमसुलाच्या सरबताची आठवण होते. कर्करोगाच्या रुग्णाला शिरेतून दिलं जाणारं हे औषध. त्याचं मूळ दक्षिण इटलीतलं. कास्तेल देल मोन्ते या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूने आधी डॉनोरुबिसिन दिलं, मग त्याच्याच बदललेल्या वाणाने हे. प्रयोगशाळेत त्याचा रंग फार कामाला येतो. औषधाने डीएनएला धरलं की रंग किंचित बदलतो, आणि तो बदल स्पेक्ट्रोफोटोमीटर टिपतो.

यंत्र म्हणजे एक पेटी. आत दिवा, उजेडाचे रंग सुटे करणारी जाळी, पलीकडे उजेड मोजणारा डोळा. मधल्या खाचेत एक सेंटिमीटर रुंदीची चौकोनी कुपी, क्युव्हेट. वाटेत जेवढा उजेड हरवला, तेवढा रेणूंनी गिळला. डीएनए 260 नॅनोमीटरचा अतिनील उजेड गिळतो. साधी काचही तो गिळते, म्हणून क्युव्हेट क्वार्ट्झची लागते. 1941 मध्ये बेकमन यांच्या कंपनीचं 'डीयू' मॉडेल आलं आणि ही मोजणी रोजच्या कामातली झाली.

प्रयोगासाठी डीएनए बहुधा वासराच्या थायमस ग्रंथीतला घेतात. बाटलीत तो पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, टाकून रात्रभर थंडीत विरघळू द्यायचा. जोरात हलवला तर लांब धागे तुटतात. क्युव्हेट खरखरीत बाजूंनी धरायची, गुळगुळीत बाजू मऊ कागदाने टिपायच्या. तिथे बोटाचा ठसा राहिला तर तोही उजेड खातो. मग ब्लँक, म्हणजे नुसत्या बफरचं रीडिंग, घ्यायचा, औषध भरायचं आणि पिपेटने डीएनए अगदी थोडा थोडा सोडत जायचं. दरवेळी दोन-चार मिनिटं थांबून रीडिंग.

पडद्यावर 480 नॅनोमीटरच्या आसपास औषधाचा उंचवटा असतो. डीएनए वाढेल तसा तो बसत जातो आणि लांब लहरींकडे सरकतो. कारण डीएनएच्या आत आहे. तिथे बेसच्या जोड्या भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक असतात, दोघींत 3.4 अँगस्ट्रॉमचं अंतर. औषधाची चपटी कडी त्या चवडीत शिरते, जोड्या दुप्पट अंतरावर जातात, वेटोळ्याचा पीळ सैल होतो. असा शिरकाव होत असावा, हे लिओनार्ड लर्मन यांनी 1961 मध्ये अ‍ॅक्रिडीन रंगांवरून मांडलं. डॉनोरुबिसिन तसंच बसलेलं 1980 मध्ये क्ष-किरणांनी दिसलं, त्याच्या रेणूतला साखरेचा भाग डीएनएच्या लहान खोबणीत टेकलेला.

या आलेखांवरून पकड किती घट्ट, याचा आकडा निघतो. तो मोठा आला की लगेच कर्करोगावर औषध सापडलं म्हणायची घाई मला पटत नाही. इथिडियम ब्रोमाइडही चवडीत छान शिरतं. म्हणून ते कर्करोगाचं औषध ठरत नाही; उलट प्रयोगशाळेत त्याला हातमोज्याशिवाय कुणी शिवत नाही. डॉक्सोरुबिसिनचा मोठा घाव टोपोआयसोमरेज-2 या विकरामार्फत होतो. डीएनए कापून, पीळ सोडवून पुन्हा सांधणारं हे विकर कापलेल्या अवस्थेतच अडकून पडतं. रेणू चवडीत शिरला एवढं ठरवायलाही शोषणाच्या जोडीला दुसरे पुरावे लागतात: धागे सुटायचं तापमान किती वाढलं, वर्तुळ-द्विवर्णता (डाव्या आणि उजव्या वर्तुळी ध्रुवित उजेडाच्या शोषणातला फरक) बदलली का, प्रतिदीप्तीचं काय झालं.

त्यातली प्रतिदीप्ती डोळ्यांनाही दिसते. खोलीत अंधार करून निळा उजेड टाकला की औषध नारिंगी चमकतं. डीएनए सोडला की ती चमक मंदावते. पुढचा थेंब पडतो, ती आणखी मंदावते.