ग्रीन चॅनेलच्या अलीकडे

परदेशातून विमानाने भारतात परतणाऱ्या प्रवाशाने आपल्या सामानात काय आहे हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला सांगितले पाहिजे, अशी तरतूद १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम ७७ मध्ये आहे. सीमाशुल्क म्हणजे देशाच्या हद्दीतून आत येणाऱ्या वा बाहेर जाणाऱ्या मालावरचा केंद्र सरकारचा कर, आणि सामानाविषयी प्रवाशाने दिलेल्या या माहितीला सरकारी मराठीत घोषणापत्र असे नाव आहे. ‘घोषणा’ हा शब्द सभा-मोर्चांत इतका रुळला आहे की विमानतळावर तो कोणाच्याच तोंडी येत नाही; तिथे वस्तू ‘डिक्लेअर’ केल्या जातात आणि त्या तपासणाऱ्यांना सरसकट ‘कस्टमवाले’ म्हटले जाते. ही माहिती विमान उतरल्यावर देण्याऐवजी निघण्यापूर्वीच मोबाइलवरून भरून ठेवण्याची सोय आता उपलब्ध आहे. मात्र ती केवळ रांग टाळण्याची युक्ती मानली, तर तिचे खरे मोल ध्यानात येत नाही.

ते ध्यानात येण्यासाठी आगमन कक्षातील दोन वाटा आधी समजून घ्याव्या लागतात. सामानाच्या पट्ट्यावरून बॅगा उचलल्यानंतर प्रवाशापुढे ग्रीन चॅनेल आणि रेड चॅनेल असे दोन मार्ग असतात. शुल्क लागू होईल अशी किंवा आणण्यास बंदी वा निर्बंध असलेली कोणतीही वस्तू ज्याच्याकडे नाही त्याने हिरवा मार्ग धरावा, आणि ज्याच्याकडे तशी वस्तू आहे त्याने लाल मार्गाने जाऊन ती दाखवावी, अशी ही व्यवस्था आहे. हिरव्या मार्गाने मुकाट्याने चालू लागणे हे सुद्धा ‘माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही’ असे विधानच ठरते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण काहीच लिहून दिलेले नाही, तेव्हा आपण खोटे बोललो असे होत नाही, ही समजूत म्हणूनच महागात पडते.

या गैरसमजाला फॉर्मच्या इतिहासानेही थोडा हातभार लावला आहे. २०१३ च्या विनियमांनुसार प्रत्येक प्रवाशाने छापील फॉर्म भरणे अपेक्षित होते. १ एप्रिल २०१६ पासून शुल्कपात्र किंवा प्रतिबंधित वस्तू जवळ असणाऱ्यांपुरतेच हे बंधन उरले. ज्यांना काही सांगायचे नव्हते त्यांची कागदाच्या कामातून सुटका झाली, पण त्याबरोबर फॉर्मवरील प्रश्नांची यादी वाचण्याची संधीही गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ‘अतिथी’ हे मोबाइल अ‍ॅप आणले. भारताकडे येणाऱ्या विमानात बसण्यापूर्वीच त्यावर सामानाची आणि चलनाची माहिती भरता येते. पासपोर्टचा क्रमांक, विमानाचा क्रमांक, येण्याची तारीख आणि वस्तूंचा तपशील अशी सर्वसाधारण माहिती त्यात लागते. ऑकलंडहून किंवा न्यू जर्सीहून आईवडिलांना मुंबईच्या विमानात बसवणारी मुले घरातल्या टेबलाशी बसून, बिले समोर ठेवून ती सावकाश भरू शकतात. रात्री दोन वाजता, झोपमोड झालेल्या अवस्थेत, उसने पेन घेऊन फॉर्म भरण्यापेक्षा हे केव्हाही बरे. अर्थात, माहिती आधी भरली म्हणून रेड चॅनेल चुकत नाही. वस्तू दाखवणे आणि शुल्क लागू असल्यास ते भरणे ही कामे तेथेच होतात. माहिती भरल्यानंतर वाटेत दुबईच्या ड्यूटी फ्री दुकानात काही विकत घेतले, तर तेही अधिकाऱ्याला सांगावे लागते.

मग आधी माहिती देऊन प्रवाशाला मिळते काय? याचे उत्तर कायद्याच्या रचनेत आहे. वस्तू तीच असली तरी प्रवासी आधी बोलला की अधिकाऱ्याने आधी विचारले यावर तिचे पुढचे भवितव्य ठरते. नोंदीत न दाखवलेली किंवा किमतीबाबत नोंदीशी न जुळणारी वस्तू कलम १११ खाली जप्तीस पात्र होते, कलम ११२ खाली प्रवाशावर दंड बसू शकतो, आणि जप्त झालेली वस्तू सोडवून घेण्याची मुभा मिळाली तरी कलम १२५ खाली तिच्यासाठी वेगळी दंडाची रक्कम मोजावी लागते व वर मूळचे शुल्क द्यावे लागते ते निराळेच. प्रकरण गंभीर असेल तर कलम १३५ खाली खटलाही भरला जातो. उलट, वस्तूची खरी माहिती आपणहून दिली असेल तर कलम ८० चे दार उघडे राहते. प्रवाशाच्या विनंतीवरून अशी वस्तू पावती देऊन ताब्यात ठेवता येते आणि तो पुन्हा देशाबाहेर जाईल तेव्हा ती त्याला परत मिळते, म्हणजे शुल्क परवडत नसले तरी वस्तू हातची जात नाही. सामानाची खरी नोंद झालेली असणे ही या सवलतीची अटच आहे, आणि प्रवाशाच्या दृष्टीने संपूर्ण अधिनियमातील सर्वांत उपयुक्त पण सर्वांत कमी माहीत असलेले कलम बहुधा हेच असावे.

काय डिक्लेअर करावे, हा प्रश्न प्रथम किमतीचा आहे. वापरातले कपडे आणि नेहमीच्या वैयक्तिक वस्तू सोडून इतर सामानासाठी २०१६ च्या सामान नियमांनी भारतीय रहिवाशाला ५०,००० रुपयांपर्यंत शुल्कमाफी दिली होती. २ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ती ७५,००० रुपयांवर नेली. अठरा वर्षांवरील प्रवाशाचा एक लॅपटॉप या हिशेबाबाहेर राहतो. माफी प्रत्येकाची स्वतंत्र असते आणि ती एकमेकांत मिसळता येत नाही, त्यामुळे दीड लाखाचा एकच कॅमेरा नवराबायकोच्या दोन सवलती जोडून शुल्कमुक्त होत नाही. माफीच्या वरच्या रकमेवरील शुल्क २०१८ मध्ये समाजकल्याण अधिभार लागू झाल्यापासून ३८.५ टक्के असे धरले जात आले; त्या दराने १,६०,००० रुपयांच्या कॅमेऱ्यावर, ७५,००० वजा जाता उरलेल्या ८५,००० रुपयांचे ३२,७२५ रुपये होतात. परदेशातील सवलतीच्या विक्रीत वाचलेले पैसे पुष्कळदा इथेच संपतात.

दागिन्यांचा हिशेब याहून गुंतागुंतीचा, आणि मराठी कुटुंबांना सर्वांत जवळचा आहे. वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून येणाऱ्या पुरुषाला २० ग्रॅम व स्त्रीला ४० ग्रॅमपर्यंतचे दागिने शुल्काशिवाय आणता येत असत, पण २०१६ च्या नियमांत त्याला अनुक्रमे ५०,००० आणि १,००,००० रुपयांची किमतीची मर्यादाही जोडलेली होती. त्या वर्षी दहा ग्रॅम सोने तीस हजारांच्या आसपास होते, तेव्हा वजन आणि किंमत या दोन मर्यादांत फारसे अंतर नव्हते. २०२५ मध्ये तेच सोने लाखाच्या पुढे गेले, तेव्हा कागदावर चार तोळ्यांची असलेली स्त्रियांची सवलत प्रत्यक्षात जेमतेम तोळ्यावर आली. भाव वाढत असताना रुपयांतील मर्यादा इतकी वर्षे जागची हलू नये, हे नियमकर्त्यांना शोभणारे नव्हते. नव्या नियमांनी किमतीची अट काढून केवळ वजन ठेवले. मात्र ही सवलत दागिन्यांपुरतीच आहे. सोन्याची बिस्किटे आणि नाणी तिच्यात येत नाहीत, आणि हौसेने घेतलेले नाणे या कारणाने अडकू शकते.

काही वस्तूंबाबत किमतीचा प्रश्नच येत नाही. पाच हजार अमेरिकी डॉलरहून अधिक मूल्याच्या परकीय नोटा, किंवा नोटा व प्रवासी धनादेश मिळून दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम जवळ असेल तर ती जाहीर करावी लागते. त्यावर कर नसतो, नोंद मात्र हवी असते. बियाणे, रोपे, फळे, मांस आणि दुधाचे पदार्थ यांची विचारणा रोगकिडींच्या भीतीने होते. उपग्रह फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून चालत नाही, आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी ट्रेकिंगची उपकरणेही याच कारणाने अडचणीत आणतात, हे सह्याद्रीत भटकायला येणाऱ्या परदेशस्थ मंडळींना ठाऊक असलेले बरे. तयार ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून मोजके अपवाद सोडता बंद आहे. मद्याची मर्यादा दोन लिटर असून मुंबईत उतरल्यावर ड्यूटी फ्री दुकानात घेतलेली बाटलीही त्यातच मोजली जाते.

निरनिराळ्या फॉर्मची गल्लत हा आणखी एक मुद्दा आहे. करोनाच्या काळात भरावा लागणारा ‘एअर सुविधा’ हा आरोग्यविषयक फॉर्म होता आणि तो नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेले ई-आगमन कार्ड परदेशी नागरिकांसाठी असून त्याचा संबंध देशात प्रवेश देणाऱ्या इमिग्रेशन खात्याशी आहे. यांतला एखादा फॉर्म भरला म्हणून सामानाची माहिती दिली असे होत नाही.

कोकण आणि गोव्यातील अनेक घरांत जहाजावर नोकरी करणारे कोणी ना कोणी असते, आणि करार संपला की तेही दाबोळी, मोपा किंवा मुंबईला विमानानेच उतरतात. २०१६ च्या नियमांनी नोकरी चालू असताना येणाऱ्या कर्मचाऱ्याला चॉकलेट, चीज, प्रसाधने यांसारख्या किरकोळ भेटवस्तूंपुरती १,५०० रुपयांची सवलत दिली होती, तर अखेरचा पगार घेऊन नोकरीतून मोकळ्या झालेल्याला इतर प्रवाशांचे नियम लागू केले होते. त्यामुळे नोकरी संपल्याचा कागद त्यांना पासपोर्टइतकाच जपावा लागतो.

परदेशी जाताना अंगावर घालून नेलेल्या पाटल्या किंवा जुना कॅमेरा परत आणताना शुल्क लागत नाही, पण ती वस्तू इथूनच गेली होती हे दाखवणे प्रवाशाकडे येते. त्यासाठी निघतानाच विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. त्यात वस्तूचे वर्णन नोंदवलेले असते, आणि अधिकाऱ्याला ती डोळ्यांनी पाहायची असल्याने, वस्तू मोठ्या बॅगेत असेल तर बॅग विमान कंपनीच्या हवाली करण्यापूर्वीच हे काम उरकावे लागते.