नदीचे शब्द, पाण्याच्या बाजूने

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी सराटीचा मुक्काम आटोपून नीरेवर येते, पादुकांना स्नान घडते, आणि मग पूल ओलांडून सारा सोहळा पुणे जिल्ह्याची सरहद्द मागे टाकीत अकलूजात प्रवेश करतो. त्या पुलावर उभे राहून, अकलूज नीरेच्या कोणत्या तीरावर आहे, असे एखाद्या सुशिक्षित मनुष्यास विचारावे, तर तो प्रथम आपण स्वतः कोणीकडे तोंड करून उभे आहोत हे पाहतो. येथेच पहिला गैरसमज आहे. तीराचा उजवेडावेपणा पाहणाऱ्यावर अवलंबून नसतो. पाणी ज्या दिशेने जाते त्या दिशेस तोंड केले असता उजव्या हातास पडेल तो उजवा तीर. नीरा येथे पूर्वेकडे वाहते, म्हणून दक्षिणेचे अकलूज आणि त्याचा भुईकोट किल्ला उजव्या तीरावर, आणि सराटी डाव्या. माळशिरस तालुक्यास पाणी देणारा नीरा उजवा कालवा आणि बारामती-इंदापूरकडे जाणारा डावा कालवा, ही नावे याच नियमाने पडली आहेत. नदीचा शब्दसंग्रह शिकावयाचा तो पाण्याच्या बाजूने, ही गोष्ट एकदा मनात ठसली की पुढची पुष्कळशी वाट सोपी होते.

नीरा ही भीमेची शाखा, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः शाखा मूळ प्रवाहापासून फुटून निघते, उपनदी मात्र येऊन मिळते. आणि नीरा-नरसिंहपूर येथे भीमेस मिळणारी नीरा ही उपनदीच होय. तीच गोष्ट चंद्रभागेची. भीमा वेगळी आणि चंद्रभागा वेगळी, अशी समजूत अनेक भाविकांची असते. परंतु पंढरपुरापाशी चंद्रकोरीसारखे वळण घेणारी भीमाच तेवढ्या भागात चंद्रभागा म्हणविते. (हिमालयात चंद्रा आणि भागा यांच्या संगमानंतर चिनाबेलाही चंद्रभागा म्हणतात, नाव तेच, पण ती नदी निराळी.) या चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन रंगते, हे वाक्य वाचून भूगोलाच्या पुस्तकातील राजस्थान डोळ्यांपुढे आणणारी मुले मी पाहिली आहेत. दोष त्यांचा नाही. पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा नदीकाठचा वाळूचा पट्टा, हा या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो.

सर्वांत अधिक घोटाळा मात्र सरकारी दफ्तरातून वर्तमानपत्रात उतरलेल्या शब्दांनी केला आहे. उन्हाळ्यात उजनीचा साठा ‘उणे 40 टक्के’ झाला, अशी बातमी येते, आणि धरण कोरडे पडले, असा बोभाटा गावोगाव होतो. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी. तीपैकी सुमारे 53.5 टीएमसी उपयुक्त साठा आणि उरलेला सुमारे 63.5 टीएमसी मृत साठा. नेहमीच्या वापराचे नियोजन ज्या पातळीपर्यंत केलेले असते, तिच्या खालच्या पाण्यास ही मृत संज्ञा लावतात, आणि टक्केवारी मोजतात ती केवळ उपयुक्त साठ्याशी. म्हणजे उणे 40 टक्क्यांच्या दिवशीही जलाशयात सुमारे 42 टीएमसी पाणी असते. ज्याला आपण मृत म्हणतो त्या पाण्यावर मासेमारी चालते, भिगवणच्या उथळ काठाला रोहित पक्षी उतरतात, आणि पाणी हटेल तशी मोकळी होणारी ओली गाळपेर जमीन कसली जाते. इतक्या सजीव पाण्याला हे नाव मिळावे, याचे मला दर उन्हाळ्यात वाईट वाटते.

‘धरणातून 50 हजार क्युसेक पाणी सोडले’ हे वाक्यही असेच अपुरे आहे. क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, सुमारे 28 लिटर. ते पाण्याचे परिमाण नसून वाहण्याचा वेग आहे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हे परिमाण. 50 हजार क्युसेक विसर्ग एक तास चालला तर 0.18 टीएमसी पाणी जाते, आणि तोच अहोरात्र चालला तर 4.32 टीएमसी. तेव्हा विसर्ग किती, याबरोबरच किती वेळ, हे विचारल्यावाचून पंढरपूरकराने धास्तीही घेऊ नये आणि निश्चिंतही राहू नये. कारण वीर धरणाचे पाणी नीरेतून आणि उजनीचे भीमेतून संगमापाशी एकत्र येते, आणि दोन्ही लोंढे एकाच वेळी पोचतात की मागेपुढे, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

पाणलोट या शब्दाचीही अशीच गत. कालव्याचे पाणी जेथवर पोचते त्या लाभक्षेत्रास पाणलोट म्हणणारे अनेक. पण पाणलोट म्हणजे जेथला पाऊस उतरत उतरत नदीस मिळतो तो सारा प्रदेश. नीरेला पूर आणणारे पाणलोट भोरकडच्या सह्याद्रीत आहे. म्हणून अकलूजचे आकाश निरभ्र असते, घाटावर कपडे वाळत असतात, आणि खालच्या पायऱ्या एकेक करून गढूळ पाण्याखाली जातात.

त्या पायऱ्यांवरून पूररेषांचा विषय निघतो. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे सांगितले जाते. त्यामुळे एकदा मोठा पूर येऊन गेला की आता आपल्या हयातीत भय नाही, असे मानून लोक घराचा पाया घालतात. परंतु नदी वर्षे मोजीत नाही. निळ्या रेषेपर्यंतचा पूर येण्याचा संभव दर वर्षी 4 टक्के, मागील वर्षी तो येऊन गेला असला तरी तितकाच. आणि त्या रेषेवर बांधलेल्या घरात 30 वर्षे राहणाऱ्या कुटुंबाच्या उंबऱ्याशी निदान एकदा पाणी येण्याचा संभव सुमारे 70 टक्के असतो.