बिअरची पारख

गंधाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, मुखस्पर्शाला पाच आणि एकूण परिणामाला दहा, अशी पन्नास गुणांची जी वाटणी अमेरिकेतील बिअर-परीक्षकांनी मुक्रर केलेली आहे, ती प्रथम पाहणाऱ्याला काहीशी चमत्कारिक वाटते. कारण पेला समोर येताच ज्याच्यावर आपली दृष्टी खिळते त्या सोनेरी वा तांबूस वर्णाची, त्या शुभ्र फेसाची आणि त्या नितळपणाची किंमत या हिशेबात अवघी तीन गुणांची ठरते, आणि बहुतेक पिणारे ज्याची दखलही घेत नाहीत त्या गंधाच्या पदरात मात्र त्याच्या चौपट माप पडते. या वाटणीमागे फार मोठा विचार आहे. आणि घरी चार स्नेही जमवून निरनिराळ्या क्राफ्ट बिअरची तुलना करू इच्छिणाऱ्याने तो नीट समजावून घेतला, तर त्याच्या हातून होईल ती निव्वळ आवडीनिवडीची नोंद न राहता खरोखरीची पारख होईल, अशी माझी धारणा आहे.

मोठ्या कारखान्यातील बिअर बाटलीगणिक एकसारखी लागावी आणि कोणाच्याही जिभेला खटकू नये, हे त्या कारखान्याचे उद्दिष्ट असते, व ते साधणे मुळीच सोपे नाही. लहान प्रमाणावर क्राफ्ट बिअर करणारा मात्र विशिष्ट चवीच्या मागे असतो, मग ती चव काहींना न रुचली तरी त्याची तयारी असते. मूळ द्रव्ये दोघांचीही तीच. सातूला मोड आणून ते भट्टीच्या उष्णतेवर वाळवायचे, भरडून गरम पाण्यात भिजवायचे म्हणजे त्यांतील पिष्टाची साखर होते, तो गोड अर्क हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळायचा, निववायचा आणि यीस्टच्या स्वाधीन करायचा, एवढाच हा विधी. परंतु सातू किती भाजले, हॉप्स कोणत्या जातीचे आणि उकळण्याच्या कोणत्या टप्प्यावर घातले, यीस्ट कोणते व ते किती उष्णतेवर ठेवले, एवढ्या फरकांमुळे एकीकडे फिकट सोनेरी पिल्सनर निर्माण होते, तर दुसरीकडे काळीभोर, करपट कडवटपणाची स्टाउट.

गुणांची ही पद्धत जन्माला येण्यास एक कायदेशीर घटना कारण झाली. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा घरी द्राक्षाची वाइन करण्यास मुभा मिळाली, पण घरी बिअर करणे बेकायदाच राहिले. ही बंदी दूर करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरात सही केली आणि पुढील फेब्रुवारीपासून तो अमलात आला. घरोघरी बिअर होऊ लागली, तिच्या स्पर्धा भरू लागल्या, आणि स्पर्धा म्हटली की निवाडा करणारे पंच आणि त्या पंचांना बांधून ठेवणारे नियम हवेत. त्या गरजेतून १९८५ मध्ये बिअर-परीक्षकांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणारी संस्था स्थापन झाली. तिच्या आधीच, १९७७ मध्ये, मायकेल जॅक्सन या इंग्रज पत्रकाराने (त्याच नावाच्या गायकाशी यांचा काही संबंध नाही) जगभरच्या बिअरची कूळवार वर्गवारी करणारा ग्रंथ लिहून ठेवला होता, आणि त्याचे उपकार या क्षेत्रातील प्रत्येकाने मानले पाहिजेत. कारण पारखीचा पाया या वर्गवारीतच आहे. समोरची बिअर चांगली की वाईट या प्रश्नाला, ती काय होऊ पाहत होती हे कळल्यावाचून, काही उत्तरच नसते. पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास बव्हेरियातील गव्हाच्या बिअरला आला तर ते तिचे भूषण. तोच वास पिल्सनरला आला तर तो उघड दोष, आणि परीक्षकाने तेथे निर्दयपणे गुण कापावेत.

या कूळविचाराचे जे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे, ते इंडिया पेल एलचे. लंडनच्या पूर्वेस बो येथील हॉजसन नावाच्या घराण्याची फिकट रंगाची, हॉप्स भरपूर घातलेली बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानच्या बंदरांत उतरू लागली. लांबच्या सागरी प्रवासासाठी म्हणून ती मुद्दाम शोधून काढली, ही प्रचलित कथा मात्र पुराव्याला टिकत नाही, कारण काळसर पोर्टरही त्याच सागरी मार्गाने विपुल येत होती आणि ती सुखरूप पोहोचत होती. हॉप्समधील कडू आम्ले जिवाणूंना अटकाव करतात आणि भरपूर हॉप्सची बिअर टिकाऊ असते हे निर्मात्यांना पूर्वीपासून माहीत होते, इतकेच. १८२२ च्या सुमारास बर्टन गावच्या ऑलसॉप या निर्मात्याने कंपनीच्या एका संचालकाच्या सूचनेवरून तशी बिअर केली, आणि त्या गावच्या विहिरींच्या पाण्यात असलेल्या जिप्समने हॉप्सचा कडूपणा असा काही स्वच्छ व धारदार केला की हॉजसन मागे पडले. पुढे अमेरिकेतील लहान निर्मात्यांनी हे कूळ आपलेसे केले. त्यांना १९७२ मध्ये प्रसृत झालेली कॅस्केड ही हॉप्सची जात लाभली, जिच्यात पपनस-लिंबाच्या सालीचा दरवळ असतो. म्हणून आज पुण्यात किंवा गोव्यात इंडिया पेल एल असे लेबल वाचले, तर ती बर्टनच्या वळणाची की कॅलिफोर्नियाच्या, हे आधी ठरवावे आणि मगच लेखणी उचलावी.

आपल्याकडे क्राफ्ट बिअरच्या या चळवळीचे पाऊल उशिरा पडले. पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हा जागेवरच बिअर करून ताजी देणारी ठिकाणे देशात बोटांवर मोजण्याइतकी होती. आता पुणे, मुंबई आणि गोवा येथील लहान निर्मात्यांची बिअर बाटल्यांतून आणि डब्यांतून घरी आणता येते, आणि त्यामुळेच घरगुती पारखीचा विषय आज मांडण्यासारखा झाला आहे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात आजही अमलात आहे, त्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो आणि बिअरपुरती वयाची एकवीस वर्षे पुरी व्हावी लागतात. जमणाऱ्या प्रत्येकाने या दोन बाबींची पूर्तता केलेली असावी.

बैठकीसाठी दिवसाची अशी वेळ निवडावी की जेव्हा स्वयंपाकघरात काही शिजत नसेल. लसणीच्या फोडणीचा, उदबत्तीचा, अत्तराचा वा मोगऱ्याच्या गजऱ्याचा वास ज्या खोलीत भरला आहे तेथे हॉप्सच्या गंधाची परीक्षा होऊच शकत नाही, आणि आपल्या घरांत हा अडथळा युरोपातील घरांहून अधिक असतो. पेले काचेचे असावेत आणि त्यांना ओशटपणाचा लवलेश नसावा; पेल्याच्या आतल्या भिंतीला बुडबुडे जागोजागी चिकटून राहिले तर तो धुणे अपुरे झाल्याचा दाखला समजावा, कारण स्निग्ध अंश फेसाचा नाश करतो. शेव, चिवडा, तिखट शेंगदाणे हे सारे बैठक उरकल्यावर; मध्यंतरी तोंड साफ करण्यास साधे पाणी आणि बिनमिठाचा पाव पुरे. शीतकपाटातून काढलेली बिअर साधारण चार अंशांवर असते, आणि एवढ्या थंडीत गंधद्रव्ये वर येत नाहीत व जीभही बधिर होते. म्हणून फिकट लागर, म्हणजे पिल्सनरसारखी बिअर, चार ते सात अंशांवर चाखावी, पण एल प्रकारच्या बिअर आठ ते बारा अंशांपर्यंत तापू द्याव्यात आणि अतिशय कडक, दाट बिअरला त्याहूनही थोडी ऊब द्यावी. उन्हाळ्यात आपल्या खोलीत पेला काही मिनिटांतच या मर्यादा ओलांडतो, तेव्हा एका वेळी थोडीच ओतावी हे बरे. प्रत्येकाला साठ मिलिलिटर पुरतात. अशा सहा बिअर मिळून एका लहान बाटलीहून किंचित जास्त द्रव पोटात जातो, आणि सहाच्या पुढे नाक व जीभ या दोघांचीही साक्ष विश्वसनीय राहत नाही.

पेला भरताच प्रथम नाक लावावे, कारण सर्वांत उडून जाणारी द्रव्ये पहिल्या काही क्षणांतच निघून जातात आणि मग ती पुन्हा भेटत नाहीत. रंग, नितळपणा आणि फेस यांची नोंद त्यानंतर घ्यावी. तिला फार वेळ लागत नाही. नंतर एक घोट घेऊन तो सगळ्या तोंडात फिरवावा, गिळावा, आणि तोंड मिटून श्वास नाकावाटे सोडावा. ही शेवटची क्रिया बहुतेक लोक करीत नाहीत, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ज्याला आपण चव म्हणतो तिचा फार मोठा भाग घशाच्या मागील वाटेने नाकात चढणारा गंधच असतो, आणि सर्दी झालेल्या माणसाला अन्न बेचव लागते ते याच कारणाने. जिभेच्या टोकाला गोड आणि मुळाशी कडू असा जो नकाशा शाळेच्या पुस्तकांत छापलेला असे, तो १९०१ मध्ये एका जर्मन संशोधकाने प्रसिद्ध केलेल्या मोजमापांचा पुढे विपर्यास होऊन रूढ झालेला आहे. जिभेच्या सर्वच भागांना सर्व रुची कळतात, म्हणून घोट जिभेच्या विशिष्ट जागी धरून ठेवण्याच्या खटाटोपात कोणी पडू नये.

दोष ओळखण्याचे शिक्षण मात्र चिकाटीने घ्यावे लागते, आणि यात मला विशेष गोडी वाटते, कारण येथे चवीवरून थेट निर्मात्याच्या हातापर्यंत माग काढता येतो. लोण्यासारखा वास डायॲसिटिल या द्रव्याचा; यीस्ट ते प्रथम निर्माण करते आणि वेळ दिला तर स्वतःच परत शोषूनही घेते, म्हणून तो वास आला की आंबवण्यात घाई झाली असा संशय घ्यावा, जरी बोहेमियाच्या पिल्सनरमध्ये त्याची अगदी हलकी छटा चालवून घेतली जाते. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर सातूचा अर्क जोमाने उकळला गेला नाही, कारण ते गंधकयुक्त द्रव्य वाफेबरोबर निघून जायला हवे होते. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास अपुऱ्या आंबवणीचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास प्राणवायूच्या संपर्काचा आणि म्हातारपणाचा. उन्हाचा दोष सर्वांत दुःखद, कारण तो निर्मात्याचा नसून बाटली हाताळणाऱ्याचा असतो. सूर्यप्रकाश हॉप्समधील कडू द्रव्यांचे विघटन करतो आणि त्यांतून काही मिनिटांतच एक उग्र, स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीसारखा वास उत्पन्न होतो, म्हणून तपकिरी काच बरी, हिरवी वा पांढरी काच वाईट, आणि डबा सर्वांत सुरक्षित. या सर्व गंधांची नावे निश्चित करून ती एका चक्रात बसवण्याचे काम डेन्मार्कमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मॉर्टन मायलगार्ड यांनी १९७० च्या दशकात केले, आणि तेव्हापासून जगभरचे परीक्षक एकमेकांचे म्हणणे समजू शकतात.

आता लेबलाविषयी. निर्मात्याचे नाव, किंमत आणि बाटलीवरील चित्र दिसत असताना दिलेले गुण मी ग्राह्य धरीत नाही. ज्याला चाखायचे नाही अशा एखाद्याने आतल्या खोलीत पेले भरून त्यांच्यावर केवळ क्रमांक घालावेत. आणि दोन बिअरमध्ये खरोखरच फरक कळतो का याची शहानिशा करायची असेल, तर तीन पेल्यांची परीक्षा घ्यावी, म्हणजे दोन पेल्यांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला कोणता हे चाखणाऱ्याने सांगायचे. निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याचा संभव तिनात एक. सलग तीनदा अंदाजानेच बरोबर येण्याचा संभव सत्तावीसात एक. ही युक्ती १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गच्या कारखान्यात उपयोगात आली. थोड्या नमुन्यांवरून कितपत निष्कर्ष काढावा याचे गणितही बिअरच्याच कारखान्यातले आहे: डब्लिनच्या गिनेसमध्ये नोकरीस असलेल्या विल्यम गॉसेट यांनी ते १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले, आणि आज औषधांच्या चाचण्यांपासून शेतीच्या प्रयोगांपर्यंत ते सर्वत्र वापरले जाते.

प्रत्येकाने आपले निरीक्षण आधी कागदावर लिहावे आणि तोंड नंतर उघडावे, कारण मंडळीतील पहिल्याने ‘आंबा’ म्हटले की उरलेल्या सर्वांना आंब्याचाच वास येऊ लागतो. गुण शब्दांच्या मागून यावेत. ज्याच्या कागदावर केवळ आकडा आहे त्याच्या आकड्याला वजन नाही. अमेरिकन पद्धतीत पंचेचाळीसच्या वर गुण असामान्य बिअरलाच देतात, एकवीस ते एकोणतीस या टप्प्याला ‘चांगली’ म्हणतात, आणि आपल्याकडच्या परीक्षांच्या सवयीने कोणी चाळिसापासूनच आरंभ करू नये. चाखण्याचा क्रम सौम्याकडून कडकाकडे असावा. तरीही एक अन्याय घडतोच: दहा टक्क्यांची दाट स्टाउट शेवटी येऊन सर्वांना भारून टाकते आणि चार-पाच टक्क्यांची, अंगच्या नेमस्तपणाने गोड वाटणारी कोल्श किंवा इंग्रजी बिटर तिच्यापुढे फिकी पडते. या दोघींना एकाच बैठकीत बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सौम्य बिअरमध्ये दोष लपवायला जागा नसते आणि ती निर्दोष करणे हेच अधिक कठीण.

नोंदवहीत बिअरचे नाव, कूळ, मद्याचे प्रमाण आणि डब्यावर छापलेली भरण्याची तारीख ही चार कलमे अवश्य असावीत. हॉप्सप्रधान बिअरचा दरवळ काही महिन्यांतच ओसरतो, आणि तारखेवाचून दिलेले गुण निर्मात्यावर अन्याय करू शकतात. उलट काही कडक बिअर मुरण्यासाठीच केल्या जातात. थॉमस हार्डी या कादंबरीकाराच्या मृत्यूस चाळीस वर्षे झाली म्हणून डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप या निर्मात्यांनी १९६८ मध्ये जी एल केली, ती वर्षानुवर्षे ठेवून पिण्यासाठीच होती. बार्ली वाइन म्हणवल्या जाणाऱ्या अशा कडक बिअरच्या तीन-चार बाटल्या एकदम घेऊन दरवर्षी एक उघडावी आणि नव्या गुणांशी जुने गुण ताडून पाहावेत. मात्र त्या माळ्यावर किंवा कपाटात ठेवू नयेत, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उष्म्यात त्या बिघडतात, त्यांची जागा शीतकपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, उभ्या.