नातवंडांचा मधुमेह आणि पेशींवरील ताण

नातवंडाला टाइप १ मधुमेह झाल्याचे कळले की आजी-आजोबांच्या जिवाला घोर लागतो. रोजची इन्सुलिनची सुई त्यांना पाहवत नाही. मग कोणी आवळ्याचा रस सुचवते, कोणी अँटिऑक्सिडंटच्या महागड्या गोळ्या आणून देते. त्यांचा उपयोग होतो का, हे ठरवण्यासाठी आधी पेशींत काय घडते ते पाहू.

पेशी साखर आणि प्राणवायू वापरून ऊर्जा निर्माण करतात. चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे या क्रियेत काही अतिक्रियाशील रेणू बाहेर पडतात. त्यांना फ्री रॅडिकल्स म्हणतात. त्यांना शमवणारी यंत्रणा शरीरातच असते. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज व कॅटॅलेज ही विकरे आणि ग्लुटाथायोन हे तिचे प्रमुख घटक. ठिणग्या अधिक आणि विझवणारे अपुरे, अशी स्थिती म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

रक्तातील साखर वाढली की रक्तवाहिन्यांचे अस्तर, डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांच्या पेशींत ती गरजेपेक्षा जास्त शिरते. त्यामुळे ठिणग्या वाढतात. शिवाय जादा साखरेची विल्हेवाट लावताना ग्लुटाथायोनला पुन्हा कार्यक्षम करणारे द्रव्यही खर्ची पडते. आठव्या वर्षी मधुमेह झालेल्या मुलाला पुढे कित्येक दशके या स्थितीला तोंड द्यायचे असते, हे ध्यानात घ्यावे.

यावर खरा उपाय साखर आटोक्यात ठेवणे हाच. अमेरिका व कॅनडात १३ ते ३९ वयोगटातील १,४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्यांत डोळ्यांच्या पडद्याचा विकार नव्याने उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. याउलट, ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हृदयविकार टळत नाही, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. ते रुग्ण ५५ वर्षांपुढील होते. पण मुलांच्या प्रचलित उपचारांतही अशा गोळ्यांना स्थान नाही.

आवळा, पेरू, पालेभाज्या अवश्य द्याव्यात. मात्र त्या आहार म्हणून, औषध म्हणून नव्हे. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही ग्लुकोमीटर साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन वाढवले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

आपण घरातील वडीलधारी मंडळी. आपल्याकडून तीन गोष्टी व्हाव्यात:

१. कोणत्याही रसाच्या वा गोळीच्या भरवशावर इन्सुलिन बंद होऊ देऊ नका. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास ही लक्षणे दिसताच मुलाला रुग्णालयात न्या. इन्सुलिनअभावी एक-दोन दिवसांतही जिवावर बेतू शकते.

२. घाम, थरथर, चिडचिड दिसल्यास साखर तपासा. ती ७० पेक्षा कमी असल्यास डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात साखरेचे पाणी पाजा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडातून काहीही देऊ नका. तत्काळ रुग्णालय गाठा.

३. जेवण, खेळ आणि झोप यांच्या वेळा सांभाळा. लाडाने चोरून दिलेला पेढा इन्सुलिनच्या हिशेबात येत नाही. द्यायचाच असेल, तर आई-वडिलांना सांगून द्या.

शरीराची संरक्षक फळी मुळात सक्षम असते. साखर स्थिर राहिली, तर ती आपले काम चोख बजावते.