रस्ता, उंबरा आणि ठराव

सार्वजनिक रस्त्याचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९२४ साली त्रावणकोर संस्थानात वैकोमचा सत्याग्रह झाला, तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. वीस महिने चाललेल्या त्या लढ्यानंतर तीन बाजूंचे रस्ते खुले झाले आणि पूर्वेकडचा रस्ता बंदच राहिला. पुढे १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा संग्राम झाला. ते तळे नगरपालिकेचे होते. बोले ठरावाच्या आधाराने महाड नगरपालिकेने १९२४ सालीच ते अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण ठराव दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात राहिले. सत्याग्रहानंतर त्याच नगरपालिकेने १९२७ च्या ऑगस्टमध्ये तो ठराव मागे घेतला. म्हणजे नगरपालिकेचा ठराव काय देऊ शकतो, काय देऊ शकत नाही आणि दिलेले कसे काढून घेऊ शकतो, हे सारे आपण शंभर वर्षांपूर्वी शिकलो आहोत.

आज रस्त्यावरून चालायला आपल्याला कोणी मज्जाव करू शकत नाही. घटनेच्या १५ व्या कलमाने रस्त्यांच्या वापरातला जातिभेद निषिद्ध ठरवला. पण रस्ता कोणी ठरवायचा, कोणासाठी बांधायचा, त्याची उंची किती ठेवायची आणि त्यावरचे पाणी कोणाच्या दारात सोडायचे, हे प्रश्न उरलेच आहेत. या लेखात मला त्याच प्रश्नांकडे वळायचे आहे, आणि त्यासाठी कोल्हापूरच्या टोलचे उदाहरण घ्यायचे आहे.

कोल्हापूरचा करार

कोल्हापूर हे शाहू महाराजांचे शहर. सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, विहिरी, शाळा, दवाखाने येथे शिवाशिव पाळू नये असे हुकूम याच संस्थानात १९१९ साली निघाले. याच शहराच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, उभे राहिले. इथली नगरपालिका १८५४ ची आणि महानगरपालिका १९७२ ची. सार्वजनिक या शब्दाला इतका जुना इतिहास असलेल्या या शहरात रस्ते खाजगी कंपनीच्या हाती गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

झाले असे. शहरातील सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचे मुख्य रस्ते नव्याने बांधण्याची योजना पुढे आली. महापालिकेच्या तिजोरीत एवढा पैसा नव्हता. म्हणून ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या पद्धतीने काम द्यायचे ठरले. महापालिका, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी ही कंपनी असे तिघे करारात होते. खर्चाचा अंदाज सुमारे २२० कोटी रुपये, आणि वसुलीची मुदत तीस वर्षे. शिवाय महापालिकेच्या मालकीचा टेंबलाईवाडी येथील भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कंपनीला मिळाला. २००९ च्या सुमारास काम सुरू झाले आणि शहराच्या प्रवेशद्वारांवर, शिरोली, फुलेवाडी, कळंबा, शाहू नाका अशा ठिकाणी, टोलनाके उभे राहिले.

या पद्धतीचे गणित समजून घेतले पाहिजे. कंपनी रस्ता फुकट बांधत नाही आणि शासनही बांधत नाही. कंपनी बँकेचे कर्ज काढते, ते कर्ज, त्यावरचे व्याज आणि आपला नफा ती वाहनांकडून वसूल करते. टोल गाडीवाला भरतो असे वरवर दिसते. प्रत्यक्षात भाजीची पाटी, दुधाचा कॅन, विटांची ट्रॉली यांच्या भावात तो मिसळतो आणि ज्याच्या घरी सायकलही नाही त्याच्या ताटापर्यंत पोहोचतो. घरपट्टीसारखा कर वाढवायचा तर त्यावर सभागृहात चर्चा होते, लोक निवडणुकीत जाब विचारतात. टोल मात्र एकदा करारात शिरला की तीस वर्षे कोणाला विचारावे लागत नाही. पुढे निवडून येणारी पाच-सहा सभागृहे आजच्या सहीने बांधली जातात.

लोकांच्या तक्रारी दोन प्रकारच्या होत्या. एक, शहराच्या आतल्या रस्त्यांसाठी, आपल्याच गावात यायला, टोल का द्यायचा? दुसरी, कामच अपुरे आणि सदोष आहे. गटारे नीट नाहीत, पदपथ धड नाहीत, मग वसुली कशाची? सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती उभी राहिली. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखे आयुष्यभर कष्टकऱ्यांबरोबर राहिलेले नेते त्यात होते. मोर्चे, धरणे, बंद यांनी शहर काही वर्षे धगधगत राहिले. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये संतापलेल्या जमावाने नाके जाळले. त्यानंतर न्यायालयांच्या आदेशांनी टोल कधी थांबला, कधी पुन्हा सुरू झाला. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये राज्य शासनाने कोल्हापूरचा टोल कायमचा रद्द करण्याची घोषणा केली. ती ऐकायला कॉ. पानसरे नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या.

हा विजय मोठा होता, यात शंका नाही. सही झालेला करार लोक मोडू शकतात हे कोल्हापूरने महाराष्ट्राला दाखवले. पण कंपनीचा मोबदला साडेचारशे कोटी रुपयांच्या घरात गेला आणि तो सार्वजनिक पैशातून द्यायचा ठरला. म्हणजे नाक्यावरची पावती बंद झाली, बिल मात्र चुकले नाही. ते फक्त दुसऱ्या खिडकीतून भरले गेले. निर्णय झाल्यानंतर लढण्याची ही किंमत आहे. निर्णय होण्याआधी, आराखडा आणि करार टेबलावर असताना, शहराने हाच आवाज काढला असता तर काय झाले असते, हा विचार मला अस्वस्थ करतो.

वस्तीचा रस्ता

आता याच आरशात आपल्या वस्तीकडे पाहू. टोल सगळ्या शहराला बोचत होता, म्हणून सगळे पक्ष एकत्र आले. वस्तीतला रस्ता फक्त वस्तीला बोचतो. त्यासाठी सर्वपक्षीय समिती होत नाही, शहर बंद राहत नाही.

वस्तीतल्या रस्त्याचा पहिला प्रश्न उंचीचा आहे. जुन्या डांबरावर नवी खडी, खडीवर नवे डांबर, काही वर्षांनी त्यावर काँक्रीट, असे थर चढत जातात. जुना थर खरडून काढायला खर्च आणि वेळ लागतो, म्हणून तो बहुधा तसाच राहतो. दर निवडणुकीला रस्ता चार-सहा बोटे वर येतो. पंधरा-वीस वर्षांत तो घराच्या जोत्याच्या वर जातो. ज्या घरात जाताना पूर्वी दोन पायऱ्या चढाव्या लागत, त्याच घरात आता दोन पायऱ्या उतरून जावे लागते. बंगल्याचा मालक जोते उचलून घेतो, फाटकाशी उतार करतो. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीला ते कसे जमावे? आषाढात पाऊस लागला की रस्त्याचे पाणी उंबरा ओलांडून आत येते, आणि त्याबरोबर गटारही येते. बाई रात्रभर परातीने पाणी उपसते आणि सकाळी धुणीभांड्याला जाते. कागदावर मात्र त्या वस्तीत विकास झालेला असतो.

वस्ती सखल भागातच का असते, याचेही उत्तर अपघात हे नाही. गावाने आपल्याला जी जागा दिली ती पूर्वापार ओढ्याकाठची, नाल्याकडेची, सांडपाण्याच्या वाटेवरची. शहर वाढले, महारवाडा-मांगवाड्याच्या चारी बाजूंनी इमारती झाल्या, पण उतार बदलला नाही. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच आहे. परंतु फलकावरचे नाव बदलल्याने जमिनीचा उतार बदलत नाही. कोल्हापुरात पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा मिळतो आणि ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ती याच्या कितीतरी वर गेली. पुराचे पाणी जात पाहत नाही असे म्हणतात. पाणी पाहत नसेल, पण कोणाला कुठे वसवायचे हे ठरवणाऱ्यांनी ती पाहिली होती.

दुसरा प्रश्न निधीचा. दलित वस्ती सुधारणेच्या नावाने स्वतंत्र तरतूद असते. ती वस्तीत खर्च होते की वस्तीला लागून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपापल्या गावात स्वतः तपासावे. तिसरा प्रश्न क्रमाचा. आधी जलवाहिनी आणि गटार, मग रस्ता, हा साधा व्यवहार आहे. तो उलटा झाला की झालेला रस्ता पुन्हा खणला जातो, चर मातीने बुजवला जातो आणि दोनदा खर्च होऊन एकदाही काम होत नाही.

कागद कसा चालतो

या सगळ्याचा निर्णय कोठे होतो? भाषणात होत नाही, कागदावर होतो. म्हणून कागदाचा प्रवास कार्यकर्त्याला पाठ असला पाहिजे. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन मोजमापे घेतो आणि दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक तयार करतो. त्याला प्रशासकीय आणि तांत्रिक मंजुरी मिळते. निविदा निघते, ती मंजूर होते, ठेकेदाराला कार्यादेश मिळतो. काम होताना त्याच्या नोंदी मोजमाप पुस्तकात होतात आणि त्या नोंदींवर बिल निघते. काम संपल्यावर ठरावीक काळ दोषदुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावरच असते. या काळात रस्ता उखडला तर नव्या निधीची मागणी करण्याची गरज नसते. ठेकेदाराकडूनच तो दुरुस्त करून घ्यायचा असतो. आपण मात्र पुन्हा निवेदन घेऊन नव्या कामाची मागणी करतो आणि त्याला दुसरे काम मिळवून देतो.

रस्त्याची उंची पहिल्याच कागदात, अंदाजपत्रकात, ठरलेली असते. जुना थर काढण्याची बाब त्यात नसेल, गटाराची बाब त्यात नसेल, तर काम सुरू झाल्यावर ठेकेदाराशी हुज्जत घालून उपयोग नाही. ‘माझ्या एस्टिमेटमध्ये नाही’ असे तो म्हणतो, आणि ते खरे असते.

हे कागद पाहण्याचा हक्क आपल्याला आहे. माहितीचा अधिकार कायदा २००५ साली आला. त्यातील माहितीच्या व्याख्येकडे फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. केवळ कागदाच्या नकला मागणे एवढाच तो हक्क नाही. कामाची पाहणी करणे आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही त्या हक्कात येते. म्हणजे वस्तीतला पोरगा रस्त्यावरच्या खडी-सिमेंटचा नमुना कायद्याने मागू शकतो. महापालिका अधिनियमात २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद आली, नागरिकांनी आपल्या भागातील कामे सुचवावीत यासाठी. कोल्हापूरचे रस्ते करारात गेले ते याच सुमारास. कायदा एका हाताने लोकांना सभा देत होता आणि व्यवहार दुसऱ्या हाताने त्यांचा रस्ता तीस वर्षांसाठी देत होता. क्षेत्रसभा भरवा म्हणून आग्रह धरणारे आपल्यात किती निघाले?

इथे प्रतिनिधित्वाबद्दलही बोलले पाहिजे. ७४ व्या घटनादुरुस्तीने रस्ते आणि झोपडपट्टी सुधारणा हे विषय नगरसंस्थांच्या कक्षेत आणले आणि अनुसूचित जातींना सभागृहात राखीव जागा दिल्या. आपली माणसे नगरसेवक झाली, काही महापौर झाली. पण राखीव प्रभाग फिरता असतो. पाच वर्षांत माणूस कागद शिकतो तोवर प्रभाग बदलतो. आणि सभागृहच नसेल तर? कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढे काही वर्षे सारा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. अशा काळात वस्तीचा आवाज कोणाच्या तोंडून निघायचा? म्हणून हे ज्ञान नगरसेवकापुरते ठेवून चालणार नाही. ते वस्तीत असले पाहिजे, तिथेच टिकले पाहिजे.

काय करावे

माझी सूचना साधी आहे. ज्या वस्तीत जयंती मंडळ आहे त्या वस्तीत तीन-चार जणांनी एक वही घालावी. गल्लीतील प्रत्येक घराचे जोते रस्त्यापासून किती वर किंवा किती खाली आहे ते टेपने मोजून त्यात लिहावे. कोणत्या पावसाळ्यात कोणाच्या घरात किती पाणी आले ते लिहावे. शाळेतल्या मुलांनाही हे काम जमते आणि शिक्षकांनी ते जरूर करून घ्यावे. नवे काम मंजूर होणार असे कळताच अंदाजपत्रकाची नक्कल मागावी आणि बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात बसून ती सगळ्यांना, विशेषतः बायांना, मराठीत वाचून दाखवावी. पाणी उपसणाऱ्या बाईला उतार कोणत्या बाजूला हवा हे अभियंत्याइतकेच कळते. मग हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी. काम चालू असताना वही घेऊन उभे राहावे.

या कामात घोषणा नाहीत, टाळ्या नाहीत, म्हणून तरुणांना ते क्षुल्लक वाटते. काही मित्र म्हणतात, गटार-रस्त्याच्या प्रश्नात अडकलो तर जातिअंताचा लढा मागे पडेल. मला तसे वाटत नाही. जात जिथे जमिनीच्या उतारात जाऊन बसली आहे, तिथे उताराचा हिशेब मागणे हेही जातिअंताचेच काम आहे. महाडच्या ठरावाने तळे खुले झाले नाही. माणसे चालत तळ्यापर्यंत गेली, आणि त्यानंतर १९३७ पर्यंत न्यायालयात कागदाची लढाईही त्यांनी चिकाटीने लढवून जिंकली. आपण पहिली गोष्ट दरवर्षी आठवतो. दुसरी विसरलो आहोत. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक वस्तीत निदान एक वही तयार व्हावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.